रुतेंडोचं सूप पातळ का होतं

रुतेंडो, तुझा कुकर सध्या माझ्या ओट्यावर पालथा पडलाय. खरं तर तो माझाच, पण तू इतकी वर्षं परत केला नाहीस की मलाही ‘तुझा’ म्हणायची सवय लागली. चर्चच्या ब्रीडानं त्याला तारेच्या घासणीनं घाम निघेपर्यंत घासलं, पण बुडाचा काळा डाग काही हलला नाही. मी तिला आधीच सांगितलं होतं. पण चर्चमध्ये न्यायची वस्तू अशी काळीकुट्ट बरी दिसत नाही, असं तिचं म्हणणं. तू असतीस तर ओट्याला टेकून खो खो हसली असतीस. तो डाग कशाचा आहे हे आयर्लंडमधल्या या ट्रली गावात आम्हा मोजक्या जणींनाच माहीत होतं. आता सगळ्या गावाला माहीत झालंय, आणि ते माझ्यामुळे. तुला हे आवडणार नाही, हे ठाऊक असूनच सांगायला बसलेय.

तुला निरोप देऊन आठवडा झाला. दुकानात राजम्याची पिशवी दिसली की डोळे भरून येतात, हे खरं आहे. पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त वेळ मी मनातल्या मनात हसत असते. तुझी आठवण काढायची आणि हसायचं नाही, हे मला जमत नाही.

आपली पहिली भेटच बघ. तुझी तारिरो आणि माझा अनीश शाळेत एका वर्गात, दोघंही पाच वर्षांची. ती आमच्याकडे खेळायला आली आणि तू तिला सोडायला आलीस. तुम्ही झिंबाब्वेहून आलात आणि गावाबाहेरच्या त्या जुन्या हॉटेलात राहता, एवढंच मला माहीत होतं. सरकारनं तिथे आसरा मागणाऱ्या लोकांना ठेवलं होतं, एका कुटुंबाला एक खोली, अर्जाचा निकाल लागेपर्यंत. निकाल वर्षानुवर्षं लागत नसे. मी रीतीप्रमाणे विचारलं, चहा घेणार का? तू माझ्या गॅसकडे बघत म्हणालीस, “चहा नको. पातेलं दे.”

मी थक्क. तेवढ्यात माझ्या कुकरची शिट्टी झाली आणि तू तारिरोला उचलून सरळ दाराकडे धावलीस. तुला वाटलं, आगीची घंटा. हॉटेलात कुणी चोरून शेगडी लावली की ती घंटा वाजायची आणि खोल्यांची झडती व्हायची, हे तू मला नंतर सांगितलंस. तिथे स्वयंपाक करायला बंदीच होती. ठरल्या वेळी खाली जायचं, खोलीचा नंबर सांगायचा, आणि पुढ्यात येईल ते खायचं. चिप्स, नगेट्स, मिळमिळीत गाजर. शाळेत बाईंनी मुलांना विचारलं होतं, तुमची मम्मी सगळ्यात छान काय करते? कुणी म्हणालं केक, कुणी म्हणालं लझान्या. तारिरो म्हणाली, माझी मम्मी रांगेत छान उभी राहते. हे सांगताना तू हसलीस, म्हणून मीही हसले. मग मी तुला पातेलं काढून दिलं.

त्यानंतर दर शनिवारी माझं स्वयंपाकघर तुझं झालं. तू मक्याच्या पिठाचा सद्झा घाटायचीस, आमच्या उकडीसारखा, घट्ट. पालेभाजीत तू शेंगदाण्याचं कूट घातलंस तेव्हा मी ओरडलेच, अगं आमच्याकडेही घालतात! तुझा विश्वास बसला नाही. तुला वाटलं मी तुझं मन राखतेय. माझं नागपुरी तिखट मात्र तू पहिल्याच घासाला ओळखलंस. डोळ्यांतून पाणी वाहत असताना इथल्या लोकांसारखं “ग्रँड, ग्रँड” म्हणत राहिलीस आणि तीन पेले पाणी प्यायलीस.

मग तुझ्यामागून चिओमा आली, हिबो आली, आणखी कुणी कुणी आल्या. त्या तुला ‘माय तारिरो’ म्हणायच्या, तारिरोची आई. नागपूरकडेही आईला माय म्हणतात, तेव्हा मला तर तू पहिल्यापासून घरचीच वाटलीस. श्रीकांत ऑफिसातून आला की दारातल्या चपला-बुटांचा ढीग बघून विचारायचा, “मंजिरी, हे घर आहे की मंगल कार्यालय?” आणि पुढच्या शनिवारी स्वतःच एक मोठ्ठं पातेलं घेऊन आला. बोलायचा कमी, पण तुझा सद्झा तो चाटूनपुसून खायचा.

पण तू माझ्या स्वयंपाकघरावर समाधान मानणारी नव्हतीस. एके शनिवारी भांडी घासता घासता तू म्हणालीस, “मंजू, तुझा गॅस फार चांगला आहे. पण मला माझा पाहिजे. आमच्या सगळ्यांना आमचा पाहिजे.” बाकीच्या घाबरल्या. सगळ्यांचे अर्ज सरकारच्या टेबलावर पडलेले. मोर्चा काढला, घोषणा दिल्या आणि कुणाला राग आला तर? हिबो म्हणाली, मी तोंड उघडणार नाही, मला पोरं आहेत. तू तिच्यावर चिडली नाहीस. हात पुसत तू गॅसवरच्या माझ्या कुकरकडे बघत राहिलीस, आणि तो वाजला तेव्हा म्हणालीस, “आपण कशाला ओरडायचं? हा ओरडेल.”

तिथून पुढचं सगळं तुझ्या डोक्यातून निघालेलं. अर्जांच्या सरकारी कचेरीसमोरच्या फुटपाथवर कॅम्पिंगची शेगडी ठेवायची. कुकरमध्ये राजमा लावायचा. घोषणा नाही, फलक नाही. शिट्टी झाली की एकीनं पुढे व्हायचं आणि आपलं पूर्ण नाव मोठ्यानं सांगायचं. बस्स. हॉटेलात तुम्हाला नंबरानं ओळखत होते ना, म्हणून नाव. नाव सांगणं हा काही गुन्हा नाही, असं तू हिबोला समजावलंस. आणि सगळ्यात शेवटी तू तुझं सांगणार.

ट्रलीत त्या दिवशी नेहमीसारखा आडवा पाऊस. शेगडी विझू नये म्हणून तुम्ही सगळ्या तिच्याभोवती पाठीला पाठ लावून उभ्या. पहिली शिट्टी झाली तेव्हा येणारेजाणारे दचकले, कुणाचा तरी कुत्रा भुंकायला लागला, आणि चिओमा पुढे होऊन आपलं नाव सांगून गेली. एक तरुण गार्डा, म्हणजे इथला पोलीस, आला आणि त्यानं विचारलं, इथे प्रमुख कोण? तुम्ही सगळ्यांनी एकदम कुकरकडे बोट दाखवलंत. तो बिचारा कुकरकडे बघतच राहिला, आणि तेवढ्यात पुढची शिट्टी झाली.

चार शिट्ट्यांनंतर मी सवयीनं वाकले आणि शेगडी बंद करायला हात घातला. तू माझा हात धरलास.

“काय करतेस?”

“राजमा झाला. चार शिट्ट्या पुरे.”

“मंजू, बायका चारच आहेत का?”

“अगं, पाणी संपेल आतलं! बूड लागेल, कुकर फुटेल!”

“अजून हिबो राहिलीये,” तू म्हणालीस आणि हात सोडला नाहीस.

भर रस्त्यात, पावसात, आपण दोघी शिट्ट्यांवरून भांडलो. मी जन्मभर शिट्ट्या मोजत आलेली बाई. भाताला तीन, वरणाला तीन, राजम्याला चार. माझ्या आईनं शिकवलं, तिच्या आईनं तिला. तू शिट्ट्या मोजतच नव्हतीस. तू बायका मोजत होतीस. हिबोनं नाव सांगितलं, इतक्या हळू की कुकरच्या वाफेचाच आवाज मोठा होता, पण सांगितलं. मग तू माझ्याकडे वळलीस. मी म्हटलं, मी कशाला, मी तर फक्त कुकर आणलाय. तू म्हणालीस, कुकर तुझा, तर शिट्टीही घे.

हे मी तुला कधी सांगितलं नाही, रुतेंडो, आता सांगते. तेव्हा मी नवऱ्याच्या परमिटवर आलेली. मला नोकरी करायची परवानगी नव्हती. बँकेत, दवाखान्यात, शाळेत मी श्रीकांतची बायको नाहीतर अनीशची मम्मी. त्या फुटपाथवर मी “मंजिरी श्रीकांत देशकर” म्हणायला तोंड उघडलं आणि “मंजिरी वसंतराव काळे” असं माहेरचं नाव बाहेर पडलं. या देशात माझं ते नाव पहिल्यांदाच कुणी ऐकलं. घरी येऊन मी मोरीत पाणी सोडून रडले, आणि ते रडणं छान होतं. पुढे नोकरीची परवानगी मिळाली, नोकरी केली, बढती घेतली. पण सुरुवात तुझ्या त्या शिट्टीपासून झाली.

शेवटची शिट्टी तुझी. तोवर करपल्याचा वास गल्लीभर सुटला होता. “रुतेंडो मापुरांगा,” तू इतक्या खणखणीत आवाजात म्हणालीस की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. मग मी झाकण काढलं. राजम्याचा कोळसा! तो हा डाग.

पुढच्या वेळेला तू तोड काढलीस. पाणी दुप्पट घालायचं. मी कपाळावर हात मारला, अगं, अशानं पाणीच प्यावं लागेल! तू म्हणालीस, पिऊ. मग दर बुधवारी फुटपाथवर तो पातळ राजमा पेल्यांतून प्यायला जायचा. त्या तरुण गार्डानं एकदा टोपी सांभाळत एक पेला घेतला आणि म्हणाला, “दॅट्स ओन्ली गॉर्जस.” बायका वाढत गेल्या, तसतसं तू पाणी वाढवत गेलीस.

हॉटेलात स्वयंपाकघर व्हायला दोन हिवाळे गेले. झालं मात्र. एक, मग दुसरं, मग दुसऱ्या गावांतल्या बायका तुला विचारायला आल्या की तुम्ही काय केलंत. उद्घाटनाला सूटबूटवाले पाहुणे आले, फीत कापली, फोटो निघाला. तो फोटो आजही कम्युनिटी हॉलच्या भिंतीवर आहे. मधे हसणारे पाहुणे, आणि मागे सिंकपाशी एक पाठ. निळा स्वेटर. ती तू. मी तुला किती हाका मारल्या, अगं, वळ इकडे, फोटो काढतायत! तू म्हणालीस, “भांडं भिजलंय, आत्ता निघालं तर निघेल.”

यावरून आपण शेवटपर्यंत भांडलो. मी म्हणायचे, तू केलंस, तुझं नाव लागायला पाहिजे. तू म्हणायचीस, “किचन मिळालं ना? मग ग्रँड.” मला ते कधीच पटलं नाही, आणि आजही पटलेलं नाही. ज्या बाईनं सगळ्यांना रस्त्यावर उभं करून नावं सांगायला लावली, तिनं स्वतःच्या नावाची वेळ आली की पाठ फिरवायची, हा कुठला न्याय? यावर तू नुसती हसायचीस आणि माझ्या ताटात आणखी वाढायचीस. वाढून भांडण मिटवायची तुझी ही खोड फार वाईट होती.

मग तुमचा अर्ज मंजूर झाला, कौन्सिलचं घर मिळालं, आणि गावासाठी तू ‘रूथ’ झालीस. म्हणायला सोपं. चर्चच्या प्रत्येक विक्रीला तुझं सूप. रूथ्स बीन सूप. लोक डबे घेऊन यायचे. ब्रीडा एकदा मला कानात म्हणाली होती, चव फारच छान, पण जरा पातळ असतं, नाही? मी तोंड मिटून घेतलं. कुणाला काही सांगायचं नाही, अशी तुझी आज्ञा होती.

आणि मग तू गेलीस. त्याबद्दल काय लिहू? चांगलं काही अर्धवट टाकून जायची तुझी सवय नव्हती, हे एकदाच झालं.

तुझ्या घरी मी पिठलं-भात घेऊन गेले. आमच्यात मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारपाजारचे साधं जेवण आणून देतात. इथल्या रीतीनं तू पुढच्या खोलीत शवपेटीत निजलेली, माणसांची रीघ लागलेली, “सॉरी फॉर युअर ट्रबल” म्हणत जो तो हात मिळवतोय, टेबलावर सँडविचेसचा डोंगर. स्वयंपाकघरात तारिरो गॅसपाशी उभी होती. मी घाईनं म्हटलं, बाळा, राहू दे, आज तुझ्या घरी गॅस पेटवायचा नसतो. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला तूच दिसलीस. इथल्या केरी भागाच्या हेलात म्हणाली, “मंजू मावशी, मम्मी वूड किल मी.”

मी पदर नसलेल्या ड्रेसचा पदर खोचायला गेले, मग बाह्या वर केल्या. आम्ही दोघींनी तुझ्या गॅसवर सद्झा घाटला. शेजारी पिठलं गरम केलं. ते एकमेकांबरोबर फार चांगलं लागतं, हे इतक्या वर्षांत आपल्याला कसं सुचलं नाही?

संध्याकाळी ब्रीडा आली. इथे अंत्यविधीच्या प्रार्थनेत, सुरुवातीला, गेलेल्या माणसाच्या आयुष्यातल्या दोन-तीन वस्तू वेदीपाशी नेऊन ठेवतात. कुणाची जर्सी, कुणाचं फावडं, कुणाचे खेळायचे पत्ते. आणि एकेका वस्तूबद्दल एक वाक्य वाचतात. ब्रीडानं सगळं प्रेमानं ठरवून आणलं होतं. भजनाचं पुस्तक, कारण तू चर्चच्या गायकवृंदात होतीस. आणि सुपाचा डाव. वाक्य असं, ‘रूथनं आपल्या हसण्यानं आणि सुपानं सर्वांची मनं जिंकली.’

तारिरोनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “ब्रीडा, डाव नको. कुकर नेऊ.”

“तो जळका?”

“तोच. आणि वाक्य मी सांगते.”

मला वाटलं होतं, वाद होईल. ब्रीडा खुर्चीवर बसली आणि म्हणाली, मग सांग. मी सांगितलं. हॉटेल, रांग, शेगडी, शिट्ट्या, हिबो, फोटोतली पाठ. सूप पातळ का, तेही सांगितलं. ब्रीडाचा चहा गार झाला. ती म्हणाली, “एवढी वर्षं आम्ही तिला आणखी घट्ट कर म्हणत होतो.” मग तिनं तुझं पूर्ण नाव विचारलं, आणि मी आणि तारिरो तिच्याकडून ते पाठ करून घेत बसलो. मापुरांगाला ती जरा अडखळायची. पण सोडायला तयार नव्हती. त्यानंतर तिनं तारेची घासणी मागितली, तिचं काहीतरी करणं भाग होतं.

तर मी, नागपूरची मंजिरी, दुसऱ्या दिवशी चर्चच्या मधल्या वाटेनं हातात जळका कुकर घेऊन चालले. कुकर ठेवला आणि ब्रीडानं माईकवर वाचलं, “या भांड्यात रुतेंडो मापुरांगा हिनं इतकं पाणी घातलं की प्रत्येक बाईला आपलं नाव सांगायला एकेक शिट्टी मिळाली. या गावातल्या हॉटेलात पुन्हा चूल पेटली, ती तिच्यामुळे.” मागच्या बाकावर कुणीतरी मोठ्यानं हुंदका दिला. हिबो असणार.

नंतर कम्युनिटी हॉलमध्ये चहा होता. आम्ही तिथल्या स्वयंपाकघरात त्याच कुकरमध्ये राजमा लावला, तुझ्या मापानं, भरपूर पाणी घालून. मनात दुसरं काही नव्हतं, लोकांना तुझं सूप द्यायचं होतं एवढंच. हॉलमध्ये कलकल चालली होती. पहिली शिट्टी झाली आणि चिओमा, आता तीन नातवंडांची आजी, हातातला कप घेऊनच उभी राहिली आणि तिनं आपलं नाव सांगितलं. कुणी ठरवलं नव्हतं. लोक गप्प झाले. पुढच्या शिट्टीला हिबो. या वेळी तिचा आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. मग एकेक करून बाकीच्या उठल्या, काही डब्लिनहून आलेल्या, काही एनिसहून. मी माझं सांगितलं, माहेरचं. तारिरोनं तिचं सांगितलं.

आणि मग तुझी शिट्टी राहिली.

वाफ साचत होती, ऐकू येत होती. शिट्टी झाली. मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझ्या शेजारून ब्रीडा म्हणाली, “रुतेंडो मापुरांगा.” कुठेही न अडखळता. मग तारिरो, मग हिबो, मग सगळा हॉल. त्या फोटोखाली, जिथे तुझी फक्त पाठ आहे, शंभरेक माणसं तुझं नाव घेत होती. वैताग आला असेल ना तुला? सिंकपाशी पळाली असतीस.

सवयीनं माझा हात गॅसकडे गेला. राजमा केव्हाच झाला होता. तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कोपऱ्यात एक म्हाताऱ्या बाई उठून उभ्या राहत होत्या, याच गावच्या, ज्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं, आणि त्या शिट्टीची वाट बघत होत्या. त्यांच्यामागे आणखी एक.

मी हात मागे घेतला आणि गॅस तसाच चालू ठेवला, रुतेंडो. पाणी भरपूर होतं.